उष्णतेवर फिरणारा पंखा

कॅनडासारख्या थंड मुलुखात हिवाळ्याच्या दिवसांत कित्येक घरी लाकडे जाळण्याची बंदिस्त लोखंडी शेगडी पेटलेली असते. तिच्या माथ्यावर ठेवलेला एक लहानसा पंखा, विजेची तार जोडलेली नसताना वा किल्ली दिलेली नसताना, आपोआप फिरू लागतो आणि छताकडे जाणारी ऊब खोलीत पसरवितो. या पंख्याचे मूळ शोधू गेल्यास इ. स. १८२१ मधील बर्लिनपर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी थॉमस योहान सेबेक या शास्त्रज्ञाने दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून एक कडे बनविले व त्याचा एकच सांधा तापविला. तोच जवळची चुंबकसुई हलली. उष्णतेने चुंबकत्व उपजते, असे त्याने मानले. किंबहुना पृथ्वीचे चुंबकत्वही ध्रुव व विषुववृत्त यांच्या तापमानांतील अंतरामुळे असावे, असा त्याचा तर्क होता. वस्तुतः कड्यातून विजेचा प्रवाह वाहत होता व त्यानेच सुई हलविली होती. डेन्मार्कच्या अर्स्टेडने या आविष्काराला उष्णताविद्युत् असे नाव दिले. सेबेकचे अनुमान चुकले, परंतु निरीक्षण खरे ठरले. म्हणूनच हा परिणाम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

धातूंच्या जोडीतून मिळणारी वीज मात्र अत्यंत क्षीण असे. विसाव्या शतकात अर्धसंवाहक पदार्थांनी ही उणीव पुष्कळशी भरून काढली. लेनिनग्राडच्या योफे यांनी या पदार्थांचा कसून अभ्यास केला, आणि १९५० नंतरच्या दशकात सोव्हिएत देशातील खेड्यांत रॉकेलच्या दिव्याच्या उष्णतेवर रेडिओ वाजू लागले.

शेगडीवरील पंख्यात बिस्मथ व टेल्युरियम यांच्या संयुगाचे बारीक तुकडे असलेली चपटी वडी दोन धातुभागांमध्ये बसविलेली असते. खालचा भाग शेगडीने तापतो. वरचा भाग पातळ पत्र्यांच्या फाट्यांमुळे त्या मानाने थंड राहतो. वीज निर्माण होते ती केवळ उष्णतेने नव्हे, तर या दोहोंच्या तापमानांतील अंतराने. दोन्ही भाग सारखेच तापले, तर शेगडी धगधगत असूनही पंखा थांबेल. तो थांबत नाही, कारण त्याचाच वारा वरच्या भागाला निववीत राहतो.

उष्णतेचा फार थोडा अंश येथे विजेत उतरतो. परंतु उरलेली उष्णता वाया जात नाही. ती खोलीतच राहून माणसांना ऊब देते.