उपसेल त्याचे तेल

मंडळी, माझा एक जुना विद्यार्थी मागच्या उन्हाळ्यात घरी आला होता. आमच्या महाविद्यालयात त्याने इतिहास घेऊन बी. ए. केले, मग कायद्याची पदवी घेतली आणि पुढच्या अभ्यासासाठी अमेरिकेत टेक्सासला गेला. तिथे त्याने विषय निवडला तो खनिज तेलाच्या व वायूच्या कायद्याचा. मुलगा शेतकऱ्याचा. निघताना वडिलांच्या पाया पडला तेव्हा ते त्याला म्हणाले होते, "एवढा कायदा शिकतोयस, तर आपल्या विहिरीचंही काही होतं का ते बघून ये." विहिरीची हकीकत अशी : बांधापलीकडच्या शेतकऱ्याने तीनशे फूट बोअर घेतले, आणि आज्याच्या काळापासून जिच्यावर मोट चालली ती यांची विहीर दोन उन्हाळ्यांत कोरडी पडली. हे गाऱ्हाणे न्यावे कुणाकडे, ते म्हाताऱ्याला उमजेना.

मी त्याला विचारले, "अरे, तेलाचा कायदा म्हणजे काय? आणि त्यात वर्षभर शिकण्यासारखे आहे तरी काय?"

तो हसला. म्हणाला, "सर, तेलाच्या कायद्याची सुरुवात कोल्ह्यापासून होते!"

ही कोल्ह्याची गोष्ट आधी ऐका. १८०५ सालचा न्यूयॉर्क राज्यातला खटला आहे. लाँग आयलंडच्या किनाऱ्याजवळच्या ओसाड रानात पोस्ट नावाचा गृहस्थ कुत्रे घेऊन एका कोल्ह्यामागे लागला होता. कोल्हा आता हाती येणार, इतक्यात पिअर्सन नावाच्या दुसऱ्याने त्याच्या डोळ्यांदेखत कोल्हा मारला आणि उचलून नेला. पोस्टने फिर्याद केली. धावलो मी, दमलो मी, आणि कोल्हा याचा कसा? न्यायालयाने निवाडा पिअर्सनच्या बाजूने दिला. रानचे जनावर कुणाचेच नसते. नुसते मागे धावल्याने ते तुमचे होत नाही. जो त्याला मारील, किंवा पळता येणार नाही असे पकडील, त्याचे ते.

अमेरिकेत कायद्याची शिकवण आपल्याहून थोडी निराळी असते. हार्वर्ड विद्यापीठात लँगडेल नावाच्या प्राध्यापकांनी १८७० पासून एक रीत पाडली. तयार नियम पाठ करायचे नाहीत. जुने निवाडे घरी वाचायचे, आणि वर्गात प्राध्यापक प्रश्न विचारतील त्यांना तोंड द्यायचे. फिर्यादीचे म्हणणे काय? न्यायमूर्ती असे का म्हणाले? उद्या परिस्थिती बदलली तर हाच नियम टिकेल का? अशा रीतीने निवाड्यामागून निवाडे वाचता वाचता कायद्याचा अभ्यास हा इतिहासाचाच अभ्यास होऊन बसतो. म्हणून तर माझ्यासारखा इतिहासाचा मास्तर आज तुमच्याशी तेलाविषयी बोलतो आहे.

कोल्ह्याचा आणि तेलाचा संबंध जुळला तो असा. २७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक नावाच्या माणसाला सुमारे सत्तर फुटांवर तेल लागले. हा पूर्वी आगगाडीवर कंडक्टर होता. लोक त्याला 'कर्नल' म्हणत, पण तो कधी पलटणीत नव्हता. त्या काळी दिव्याला व्हेल माशाचे तेल लागे आणि ते महाग होत चालले होते. जमिनीतल्या तेलापासून घासलेट काढता येते हे कळलेले होते, तेव्हा गिऱ्हाईक तयारच होते. बघता बघता त्या ओढ्याकाठची शेते विहिरींनी भरून गेली.

आणि लगेच भांडणे उभी राहिली. तेल काही कोळशासारखे किंवा दगडासारखे जागच्या जागी बसत नाही. माझ्या शेताखालचे तेल शेजाऱ्याच्या विहिरीकडे ओढले गेले, तर ते कुणाचे? न्यायमूर्तींपुढे यासाठी कायदा नव्हता. जमिनीखाली काय चालते याचे ज्ञानही फारसे कुणाला नव्हते. मग नवे कोडे सुटत नसले म्हणजे माणूस जे करतो, तेच त्यांनी केले. जुन्या ओळखीच्या गोष्टीशी त्याची तुलना केली.

एक तुलना मिळाली पाण्याची. इंग्लंडात लँकेशर भागात एका कापडगिरणीची विहीर जवळच्या कोळशाच्या खाणींमुळे आटली होती. १८४३ साली इंग्रज न्यायाधीशांनी ठरवले की जमिनीखाली पाणी कसे, कुठून वाहते हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आपल्या जमिनीत खणणाऱ्याला शेजाऱ्याचे पाणी आटल्याबद्दल जबाबदार धरता येणार नाही. दुसरी तुलना मिळाली कोल्ह्याची. पेनसिल्व्हेनियाच्या वरिष्ठ न्यायालयाने १८८९ साली म्हटले की पाणी, तेल आणि विशेषतः वायू ही खनिजे रानटी जनावरांसारखी आहेत. तुमच्या जमिनीत आहेत तोवर तुमची. सटकून दुसऱ्याच्या जमिनीत गेली की तुमचा हक्क संपला. इंग्रजीत हा नियम 'रूल ऑफ कॅप्चर' म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' म्हणतात ना, तसे याला 'उपसेल त्याचे तेल' म्हणायला हरकत नाही.

हा नियम किती कडक होता ते १९०७ च्या एका खटल्यात दिसते. बर्नार्ड कुटुंबाची तक्रार होती की गॅस कंपनीने शेजारच्या शेतात, आमच्या हद्दीला लागून विहीर घेतली आणि आमच्या खालचा वायू खेचून नेला. न्यायालयाने सांगितले की यावर दाद नाही. तुमच्या हाती एकच उपाय : तुम्हीही आपल्या जमिनीत विहीर घ्या.

मंडळी, या एका वाक्याचा परिणाम काय झाला असेल, कल्पना करा. शेजारी खणतो म्हणून मी खणायचे, मी खणतो म्हणून तिसऱ्याने खणायचे. थांबला तो बुडाला! बाजारात भाव असो वा नसो, तेल वर काढलेच पाहिजे. साठवायला पिंपे नसली तर खड्ड्यात, ओढ्यात सोडायचे. १८६० च्या आरंभी पिंपाला वीस डॉलरच्या आसपास असलेला भाव १८६१ च्या अखेरीस दहा सेंटांवर आला. पिटहोल नावाचे गाव १८६५ साली तेलामुळे काही महिन्यांत उभे राहिले. वस्ती पंधरा हजारांच्या घरात गेली, आणि १८७० च्या शिरगणतीत तिथे काही शेकडा माणसे उरली होती. आणि ड्रेक? तोही पैसा गमावून बसला. शेवटी राज्याने दिलेल्या पेन्शनवर त्याचे दिवस गेले.

या धावपळीचा कळस टेक्सासमध्ये झाला. पूर्व टेक्सासमध्ये जॉयनर नावाच्या सत्तरीतल्या म्हाताऱ्याने १९३० च्या ऑक्टोबरात तेल काढून दाखवले. पुढे कळले की खाली सुमारे पंचेचाळीस मैल लांबीचा एकच साठा पसरला आहे. वर मात्र हजारो मालक! कुणाचे शेत, कुणाचे परसू, कुणाचे दुकान. किलगोर गावात तर एक एकराहून थोड्याशाच मोठ्या जागेत चोवीस विहिरी उभ्या राहिल्या. १९३१ च्या उन्हाळ्यात तेलाचा भाव पुन्हा दहा सेंटांपर्यंत घसरला. ऑगस्टमध्ये गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी लष्करी कायदा पुकारला आणि विहिरी बंद ठेवण्यासाठी सैनिक पाठवले. पुढच्या वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम बेकायदा ठरवला. असे लष्कराच्या बळावर उत्पादन रोखता येणार नाही, हा त्याचा आशय. मग काही जण रात्री-अपरात्री ठरलेल्या मर्यादेबाहेर तेल काढून चोरून विकू लागले. त्याला 'गरम तेल' असे नावच पडले. १९३५ साली अशा तेलाची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहतूक करण्यास बंदी घालणारा कायदा झाला.

तुम्ही म्हणाल, तेल निघाले तर खरे, मग नुकसान ते काय? नुकसान असे की ते पुरते निघालेच नाही. गोळीच्या सोड्याची बाटली तुम्हांला ठाऊक आहे. गोळी दाबली की वायू फसफसून वर येतो आणि पाण्याला बाहेर ढकलतो. बाटली उघडी ठेवली तर वायू उडून जातो आणि पाणी तिथेच राहते. काही साठ्यांत तेलाला वर ढकलणारा असाच वायूचा जोर असतो. पूर्व टेक्सासमध्ये खालून पाण्याचा रेटा होता. जागोजाग भोके पाडून घाईने उपसा केला की हा जोर वाया जातो, आणि पुष्कळसे तेल खडकातच अडकून पडते. हेन्री डोहर्टी नावाच्या कारखानदाराने १९२४ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना हेच कळवळून सांगितले होते : खालचा साठा एक आहे, तर तो एकच समजून, सर्वांनी मिळून काढा आणि वाटा ठरवून घ्या. तेव्हा त्याचेच व्यवसायबंधू त्याच्यावर उलटले!

पण ज्ञान वाढले तसा कायदाही हळूहळू वळला. सर्वोच्च न्यायालयाने १९०० सालीच इंडियाना राज्याच्या एका खटल्यात म्हटले होते की खालचा वायू सगळ्यांच्या जमिनींखाली पसरला आहे, तेव्हा एकाने तो उधळून इतरांचा वाटा बुडवू नये यासाठी राज्याला नियम करता येतील. टेक्सासच्या रेल्वे कमिशनने १९१९ साली सदतिसावा नियम केला : दोन विहिरींत तीनशे फूट आणि हद्दीपासून दीडशे फूट अंतर हवे. ज्याची जमीन चिंचोळी त्याच्यासाठी सवलतही ठेवली, आणि मग सवलती मागणाऱ्यांची इतकी रीघ लागली की सवलत हाच नियम होऊन बसला. वर्गात या सवलतींवरच तासन्‌तास वाद चालतो, असे माझा विद्यार्थी सांगत होता. लहान मालकाला न्याय द्यावा तर साठा बिघडतो, साठा राखावा तर लहान मालक मरतो! सर्वांचा साठा एकत्र चालवण्याची सक्ती करणारे कायदे पुढे लुइझियाना, ओक्लाहोमा अशा राज्यांनी केले. टेक्सासने अशी सर्वसाधारण सक्ती कधीच केली नाही. आणि जुना नियम तिथे मेलाही नाही. २००८ साली, खडक फोडून वायू काढण्याच्या नव्या तंत्राविषयीच्या खटल्यातही, वायू ओढून नेल्याबद्दल भरपाई मागणाऱ्या शेजाऱ्याला त्याच नियमाने अडवले.

याच अभ्यासात एके दिवशी माझ्या विद्यार्थ्याच्या हाती १९०४ चा एक निवाडा आला. टेक्सासमधील डेनिसन गावी ईस्ट नावाच्या माणसाची घरगुती विहीर होती, पाच फूट रुंद आणि तेहतीस फूट खोल. रेल्वे कंपनीने जवळच वीस फूट रुंदीची आणि सहासष्ट फूट खोलीची विहीर खणली, रोज पंचवीस हजार गॅलन पाणी उपसले, आणि ईस्टची विहीर कोरडी पडली. खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला. ईस्ट हरला. १८४३ च्या त्या इंग्रजी निवाड्याचाच आधार तिथे घेतला होता. "सर," तो म्हणाला, "ते वाचताना मला आमच्या आबांची विहीर दिसायला लागली."

आणि दिसावीच! कारण तोच नियम इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आला. आपल्या शेताखाली तेल निघाले तर ते आपले नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, म्हणजे १९६६ च्या कायद्याने, खनिजांचा हक्क राज्याकडे राखला आहे. आणि १९७४ साली 'मुंबई हाय'ला सापडले तसे समुद्रतळाचे तेल घटनेच्या २९७ व्या कलमाने केंद्राकडे जाते. त्यामुळे तेलापुरती बांधावरची शर्यत आपल्याकडे झालीच नाही. पाण्याचे मात्र तसे नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत हवे तेवढे घेण्याचा हक्क जमीनमालकाला मानला आहे. थोडक्यात, उपसेल त्याचे पाणी. मोटेच्या काळी त्याने फारसे बिघडले नाही, कारण बैलाच्या ताकदीला मर्यादा होती. विजेच्या पंपाला ती नाही.

आपल्या राज्यानेही पुढे पाऊल टाकले आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास मनाई केली. त्यानंतरचा २००९ चा अधिक व्यापक भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. पण कागदावरच्या कलमांपेक्षा मला अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण मोठे वाटते. तिथे गावाने आपणहून ठरवले की शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, आणि दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवायची. डोहर्टीने तेलाविषयी जे सांगितले, तेच या गावाने पाण्याविषयी करून दाखवले. खालचा साठा एक, तर हिशेबही एक.

मी विद्यार्थ्याला शेवटी विचारले, "मग आबांना काय सांगितलेस?"

तो म्हणाला, "पहिल्यांदा खरं ते सांगितलं. म्हटलं, आबा, कोर्टात गेलात तर कोर्ट बहुधा एवढंच सांगेल की तुम्हीही खोल जा. त्यावर आबा म्हणाले, आपण चारशे फूट गेलो तर तो पाचशे जाईल, आणि शेवटी दोघांचंही कर्ज तेवढं राहील."

पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांना हे कळायला पन्नास-साठ वर्षे आणि एक उजाड गाव लागले होते. आबांना ते बांधावर बसून कळले. त्यानंतर ते स्वतः शेजाऱ्याच्या ओसरीवर गेले. दोघांचे बोलणे अजून चालू आहे. आठवड्यातून कुणी किती दिवस पंप चालवायचा, यावर गाडी अडली आहे.

शिक्षक मंडळींना माझी एक विनंती आहे. वर्गात मुलांना आपल्या गावच्या विहिरींचा नकाशा काढायला सांगा. कुठली विहीर कधी खणली, किती खोल, कधी आटली, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लिहायला लावा. जमिनीखालचे दिसत नाही, म्हणून न्यायाधीशांनी एकेकाळी हात टेकले होते. ते दिसू लागले की बांधाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र बसून बोलता येते.