बुलढाण्याच्या ताराबाई आणि 93 वर्षांची शांतता

कुणाला 'कॅन्सल' केलं की आपण म्हणतो, हे सगळं मोबाईलनं आणलं. तर आज माझ्या बुलढाण्याची गोष्ट, 1882 सालची.

सुरुवात मात्र सुरतेची. 1881 मध्ये तिथं विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचं तान्हं मूल मारल्याचा खटला चालला. आधी फाशी झाली, अपिलात ती रद्द होऊन काळं पाणी. विधवेला पुन्हा लग्न करायची सोय नाही, मूल झालं तर तोंड दाखवायला जागा नाही, हा मुद्दा राहिला बाजूला. चर्चा रंगली ती बायकाच कशा बिघडल्यात याची. 'पुणेवैभव' या वर्तमानपत्रानंही तोच सूर लावला.

ते वाचून वऱ्हाडात बसलेल्या ताराबाई शिंदे भडकल्या. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात सरकारी कचेरीत कारकून, सत्यशोधक समाजाचे. मुलीला शिकवलं त्यांनीच. ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं आणि ते पुण्यात छापलं गेलं. प्रश्न साधाच होता: जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? मग शिक्षा एकटीलाच का? आणि हे फक्त ब्राह्मणांना सुनावलेलं नाही बरं. ताराबाई मराठा, त्यांच्याही समाजात प्रतिष्ठित घरांत विधवेचं लग्न होत नसे. देव आणि शास्त्रंही सुटली नाहीत.

भाषा? जहाल! आजच्या कमेंट सेक्शनमध्ये 'मॅडम, टोन बघा जरा' असं कुणीतरी नक्की लिहिलं असतं. सगळ्या पुरुषांना एकाच मापानं मोजलं, असा आक्षेप घेता येतो. मलाही काही ठिकाणी तसं वाटतं. पण मग त्या मुद्द्याला उत्तर द्या ना. झालं उलटंच, लोक बाईवरच तुटून पडले. बंदी नाही, खटला नाही, तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलंच नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. टीका करणाऱ्यांत सत्यशोधक वर्तुळातले लोकही होते. म्हणजे आपलीच गँग. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांना खडसावलं. विरोधकाला झोडपायला लाईक मिळतात, राव. आपल्याच ग्रुपवर 'तुम्ही चुकताय' म्हणायचं म्हणजे... मी ऑफिसच्या ग्रुपवर तीनदा टाईप करून खोडलंय.

पुस्तक मात्र विस्मरणात गेलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, 1994 मध्ये रोझालिंड ओ'हॅन्लन यांचं इंग्रजी भाषांतर आलं. मी बुलढाण्यात बारावीपर्यंत शिकलो, पण ताराबाईंचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते पुण्यात, नोकरी लागल्यावर, एका रूममेटकडून. तो लातूरचा होता. मला म्हणाला, "अरे, तुमच्याच गावच्या ना त्या?"