माळ्यावरची अवजारं

जुन्या मनगटी घड्याळांच्या शौकिनांमध्ये ‘झेनिथ ए ३८६’ या घड्याळाला मोठा मान आहे. ३८ मिलिमीटरचं, स्टीलचं. पांढऱ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या, एकमेकींवर किंचित चढलेल्या, तिघींचे रंग वेगळे. हा क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच पोटात. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर येतो. वेळ दाखवणारे काटे मात्र आपले चालूच.

मैत्रिणींनो, पितळ चिंचेने घासून लखलखीत करणाऱ्या आपल्याला एक गंमत वाटेल. इथे चकाकीने किंमत उतरते! पॉलिश केलं की स्टीलच्या कडा झिजतात. म्हणून ओरखडे असोत, पण कडा मूळच्या हव्यात, तबकडी न रंगवलेली हवी.

आतलं यंत्र म्हणजे ‘एल प्रिमेरो’, अर्थात ‘पहिला’. १० जानेवारी १९६९ रोजी ते जाहीर झालं. किल्ली द्यायला नको, हाताच्या हालचालीने चालणारं. तासाला ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाला दहा. त्यामुळे सेकंदाचा दहावा भागही मोजता येई. त्याच वर्षी आणखी दोन गटांनी असेच क्रोनोग्राफ आणले. खरा पहिला कोण, हे भांडण अजून मिटलेलं नाही.

त्याच डिसेंबरात जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. बॅटरीवर चालणारं आणि कितीतरी अचूक. पुढच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडमधले कारखाने धडाधड बंद पडले. झेनिथ १९७१ मध्ये शिकागोच्या एका रेडिओ कंपनीकडे गेली होती (तिचंही नाव झेनिथच!). १९७५ मध्ये तिथून हुकूम आला: यांत्रिक घड्याळं बंद, त्यांची अवजारं विकून टाका.

ल लॉक्ल गावच्या त्या कारखान्यात शार्ल व्हेर्मो नावाचे कारागीर होते. त्यांनी वरिष्ठांना विनवून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी एल प्रिमेरोचे प्रेस, कॅम, कापायची अवजारं थोडी थोडी करून कारखान्याच्याच एका माळ्यावर नेऊन लपवली. मालकाचा हुकूम मोडला हे खरंच. पण वस्तू मालकाच्याच छपराखाली राहिली, म्हणून मला त्यात चोरी दिसत नाही.

लपवण्याहून मला त्यांची वही मोठी वाटते. प्रत्येक अवजाराला खूण करून, कोणतं कशासाठी, काम कोणत्या क्रमाने, हे त्यांनी लिहून ठेवलं. आपणही आजेसासूबाईंचा पाटा जपतो, पण त्यावर काय कसं वाटायचे ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. नुसत्या लोखंडाच्या त्या ढिगातून नऊ वर्षांनी कुणाला काय उमगलं असतं?

१९७८ मध्ये कंपनी पुन्हा स्विस मालकांकडे आली. १९८४ मध्ये एल प्रिमेरो पुन्हा बनवायचं ठरलं, तेव्हा व्हेर्मोंनी माळा दाखवला. १९८८ मध्ये रोलेक्सने आपल्या डेटोना घड्याळात हेच यंत्र बसवलं. त्यासाठी ठोके ३६,००० वरून २८,८०० वर आणले.

तो माळा कारखान्यात अजून आहे, आणि पाहायला येणाऱ्यांना दाखवतात.