सापाचे औषध आणि लोहचुंबक

निंदण-डवरणीचे दिवस आले की वऱ्हाडात सर्पदंशाच्या बातम्या कानांवर येऊ लागतात. राजापेठेवरून इर्विन इस्पितळाकडे नेलेल्या अशा रोग्याला डॉक्टर इंजेक्शन देतात. ते येते कोठून? वाचकहो, ते येते घोड्याच्या रक्तातून.

१८९४ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आल्बेर काल्मेत यांनी दाखविले, की जनावराला विषाची मात्रा थोडीथोडी वाढवीत दिली तर त्याच्या रक्तात विषाला मारक अशी प्रथिने तयार होतात. पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेनेही हे काम हाती घेतले. मूळची ही प्लेगची प्रयोगशाळा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच औषध तेथे होऊ लागले.

आता खरी अडचण पाहा. रक्तात प्रथिने शेकडो, आपल्याला हवी ती थोडकीच. रक्तद्रवात अमोनियम सल्फेट घातले (होय, वावरात टाकतो तेच खत, फक्त शुद्ध केलेले) की दूध फाटावे तशी काही प्रथिने खाली बसतात. पण ही निवड ढोबळ! नको ती घोड्याची प्रथिनेही बरोबर येतात. त्यांपायी रोग्याच्या अंगावर गांधी उठतात, ताप भरतो, क्वचित जिवावरही बेतते.

१९६८ साली अमेरिकेत क्वात्रेकासास, विल्चेक आणि अनफिन्सेन यांनी नेमका गळ टाकण्याची युक्ती मांडली. हवे ते प्रथिन ज्याला चिकटते, तेच द्रव्य बारीक मण्यांवर पक्के बसवायचे. पुढे काही वर्षांतच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डनिल आणि लिली यांनी अशा कणांत लोखंडाचा ऑक्साइड घालून पाहिला. सरकीतले खिळे गिरणीवाला चुंबकाने ओढतो ना, तसेच हे. प्रथिन काही लोखंड नव्हे. म्हणून त्याला लोखंडाच्या पाठीवर बसवायचे, एवढेच! मण्यांवर सापाचे विष बसविले तर विषमारक प्रथिने तेवढी त्यांना धरतात. भांड्याबाहेर चुंबक लावला की मणी कडेला जमतात. उरलेले ओतून द्या, मणी धुवा, किंचित आंबट पाण्यात घाला. प्रथिन सुटून हाती येते. नॉर्वेच्या ट्रोंडहाइम गावी जॉन उगेलस्टॅड यांनी १९७६ च्या सुमारास एकसारख्या आकाराचे मणी घडविले आणि पुढे त्यांतूनच उत्तम चुंबकी मणी झाले. चुंबक दूर करताच ते पुन्हा पाण्यात मोकळे पसरतात, ही त्यांची मोठीच खुबी.

आज रक्ततपासणीच्या कित्येक यंत्रांत असले मणी असतात. थायरॉइडची तपासणी केली असेल, तर तुमच्या रक्तातही ते फिरले असण्याचा संभव आहे. सापाच्या औषधासाठी मात्र रक्तद्रव लागतो पिंपे भरून आणि मणी महाग. म्हणून ते औषध अजून मुख्यतः क्षाराने किंवा कॅप्रिलिक आम्लानेच निवडले जाते.