झुंज कधीच झाली नाही!

लहानपणी आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या लाँचची वाट बघताना गारुड्याचा खेळ बघायचो. आधी डमरू वाजायचा, पोरं जमायची, मागोमाग मोठी माणसं. तो जमिनीवर रेघ ओढून रिंगण करायचा, टोपलीकडे बोट दाखवून सांगायचा, "साप-मुंगसाची झुंज शेवटी!" ती कधीच झाली नाही. पण त्या आशेवर कोणी हलायचं नाही, आणि उत्सुकता शिगेला पोचली की नेमकी थाळी फिरायची.

मंडळी, गर्दी जमवणं आणि धरून ठेवणं, हेच त्याचं खरं कसब. कायद्याने मात्र ते मानलं नाही. इंग्रजांनी १८७१ पासून अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला. पण १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाच, खेळ करून पैसे मागणंही भीकच ठरलं. पहिल्यांदा सापडला तरी एक ते तीन वर्षं डांबायची तरतूद! दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती मुख्य कलमं रद्द केली. आपल्याकडे कायदा अजून आहे.

तुम्ही ही पोस्ट शेवटपर्यंत वाचावी म्हणून मीही शीर्षकात झुंज टाकली. मला कोणी भिकारी म्हणणार नाही. मग त्याला का?