काहवा, ओमानी

ओमानमधील पाहुणचाराची बिनसाखरेची कॉफी. भाजलेल्या बिया जाडसर कुटून पाण्यात उकळतात; त्यात वेलदोडा घालतात. काही घरांत केशर, लवंग किंवा जेबेल अखदर डोंगरावरील गुलाबपाणीही घालतात. अठराव्या शतकात येमेनची कॉफी मस्कतमार्गे बसऱ्याकडे जाई.

काहवा ‘दल्ला’ या लांब चोचीच्या भांड्यातून वाढतात. वाढणारा डाव्या हातात दल्ला धरतो आणि उजव्या हाताने ‘फिंजान’ ही बिनकानाची लहान वाटी पुढे करतो. वाटी तळापुरतीच भरतात. पाहुण्याने ती हलवून परत केली की पुरे झाले, असे समजतात.

काहव्याचा कडवटपणा गोड पदार्थांसोबत खुलतो, म्हणून आधी खजूर किंवा हलवा खाऊन मग काहवा पितात. खलास व फर्द या खजुराच्या नावाजलेल्या जाती. पिठूळ सत्त्व, साखर, तूप, केशर, वेलदोडा, गुलाबपाणी व सुकामेवा यांचा ओमानी हलवा मोठ्या कढईत कित्येक तास सतत ढवळून शिजवतात.

ओमान, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व कतार यांच्या संयुक्त प्रस्तावावरून 2015 मध्ये युनेस्कोने अरबी कॉफीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.