नजरेच्या टप्प्यातले संभाषण

टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबले की त्याच्या टोकाचा दिवा लुकलुकतो, पण तो आपल्याला दिसत नाही. तांबड्यापलीकडचा हा उजेड विल्यम हर्शल यांना १८०० साली सापडला. वर्णपटाच्या तांबड्या कडेबाहेर ठेवलेल्या तापमापकाचा पारा अधिक चढला, तेव्हा. मराठीत आपण त्याला अवरक्त किरण म्हणतो.

रिमोट नुसता हुकूम सोडतो, उत्तर ऐकत नाही. दोन यंत्रांनी परस्परांशी बोलायचे म्हटले की मामला अवघड होतो. प्रकाशावरून बोलणे धाडण्याची कल्पना मात्र जुनी. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि सम्नर टेंटर यांनी १८८० साली वॉशिंग्टनमध्ये सूर्यकिरणांच्या झोतावरून २१३ मीटरवर आवाज पोचवला. हा ‘फोटोफोन’ बेलना टेलिफोनहूनही मोलाचा वाटे. पण ढग आला की संभाषण तुटायचे. तारेपुढे त्याचा निभाव लागला नाही.

शंभर वर्षांनी तीच कल्पना हातभर अंतरात उतरली. ह्यूलेट-पॅकार्डच्या १९९० च्या ‘एचपी ४८ एसएक्स’ जातीचे दोन कॅल्क्युलेटर समोरासमोर धरले की एकातली माहिती दुसऱ्यात जाई. शार्पची पद्धत निराळी होती आणि ॲपलच्या १९९३ च्या न्यूटनने शार्पचीच उचलली. उजेड एकच, बोली वेगवेगळ्या. ही अडचण सीमाभागातल्या वाचकांना समजावून सांगायला नको!

अखेर १९९३ साली कंपन्यांनी एकत्र येऊन ‘इन्फ्रारेड डेटा असोसिएशन’ स्थापन केली आणि पुढच्या वर्षी सामायिक नियम ठरले. अंतर एक मीटर. रोख सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना पंधरा अंशांपर्यंत. वेग सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या सीरियल पोर्टला झेपेल एवढा. बॅटरी वाचावी म्हणून प्रकाशाचा ठिपका बिटच्या वेळेच्या ३/१६ भागापुरताच उमटे. स्वतःच्याच उजेडाने स्वतःचा डोळा दिपतो, म्हणून एकाने बोलायचे तेव्हा दुसऱ्याने ऐकायचे. माणसांच्या सभांनाही हा नियम लावता आला असता.

१९९८ च्या ‘पाम ३’ वरून लोक आपले व्हिजिटिंग कार्ड समोरच्याला पाठवू लागले. ‘नोकिया ६११०’ वर दोघे मिळून सापाचा खेळ खेळत. आपल्याकडेही २००० नंतर काही वर्षे मुले दोन फोन डोक्याला डोके लावून टेबलावर ठेवीत आणि रिंगटोन पोचेपर्यंत कुणाला टेबलाला हात लावू देत नसत.

१९९८ मध्येच एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी ब्लूटूथची आघाडी उभारली. रेडिओलहरी खिशातूनही जातात, तोंडे जुळवावी लागत नाहीत. अवरक्ताचे हेच वैगुण्य ठरले. मला ते पुरते वैगुण्य वाटत नाही. फोन पुढे केल्याखेरीज कुणाला त्यात काही टाकता येत नसे. ब्लूटूथ आल्यावर अनोळखी फोनांवर नको ते निरोप धाडण्याची खोड निघाली, तिला ‘ब्लूजॅकिंग’ असे नावही पडले.

फोनांवरची अवरक्त खिडकी हळूहळू बुजली. पण वस्तू पुढे करणे, समोरच्याने ती स्वीकारणे वा नाकारणे, यासाठी अवरक्ताकरिता ठरवलेला ‘ओबेक्स’ हा संकेत ब्लूटूथने जवळजवळ जसाच्या तसा घेतला. ब्लूटूथवरून फाईल आली की फोन आजही आधी विचारतो: घ्यायची का?